शून्याची मिरवणूक

मिरवणूक म्हटली की आम्हा बेळगावकरांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. शिवजयंतीचे चित्ररथ, अनंत चतुर्दशीची उजाडेपर्यंत चालणारी गर्दी, आणि एखाद्या गल्लीचा संघ स्पर्धा जिंकून आला की ढाल डोक्यावर धरून निघालेली पोरे. मिरवणूक निघते ती आनंदाची. म्हणूनच २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेहून माझ्या भाच्याचा फोन आला आणि "मामा, आज मिरवणुकीला जाऊन आलो" असे तो म्हणाला, तेव्हा मी साहजिकच विचारले, "कशाची रे? जिंकलात वाटतं?"

"नाही मामा, हरलो की. सोळा सामने होते, सोळाही हरलो. त्याचीच मिरवणूक."

भाचा ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहराजवळ राहतो. तिथल्या 'ब्राउन्स' या फुटबॉल संघाचे वेड त्याला गेल्यापासून लागले. ६ जानेवारी २०१८ रोजी, पारा शून्याखाली कितीतरी उतरलेला असताना, तीन हजारांवर माणसे त्या संघाच्या मैदानाभोवती फेरी घालून आली. मैदानाला वळसा घातला की वरून पाहणाऱ्याला शून्याचा आकार दिसतो; तेच त्यांना हवे होते. हातांत उपरोधाचे फलक होते आणि मिरवणुकीचे नाव होते 'परिपूर्ण हंगाम'. शहरातल्या गरिबांना अन्न पुरवणाऱ्या संस्थेसाठी त्याच निमित्ताने पैसेही गोळा झाले.

मी इतिहासाचा मास्तर. पराभवाच्या कथा शिकवण्यात माझी हयात गेली. पानिपत शिकवताना आजही वर्गात शांतता पसरते. पण हरल्याची मिरवणूक काढणारे लोक मला नवे होते. मी भाच्याला म्हटले, "अरे, हार-जीत चालायचीच. एवढे काय मनाला लावून घ्यायचे?" त्यावर तो जे म्हणाला ते माझ्या मनातून गेले नाही. "मामा, हरल्याचं काही नाही. पण आम्हांला हरवायचंच ठरवलं होतं आमच्याच लोकांनी. आणि तिकिटाचे पैसे मात्र पुरते घेतले."

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. जे हाती आले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

*

प्रथम एक खुलासा. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. तिथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचा, फेकायचा, आणि समोरच्याने अंगावर झेपावून अडवायचा. प्रत्येक बाजूला अकरा गडी. त्यांतला चेंडू फेकणारा, सारा डाव चालवणारा जो गडी असतो त्याला 'क्वार्टरबॅक' म्हणतात. तो चांगला मिळाला तर संघाचे नशीब पालटते. नाही मिळाला तर बाकीच्या दहांनी जीव टाकूनही फारसे साधत नाही.

या खेळाचा व्यावसायिक संघटित इतिहास १९२० पासूनचा. आज 'एन.एफ.एल.' या संघटनेत ३२ संघ आहेत. इंग्लंडमधल्या फुटबॉलशी ताडून पाहिले तर एक मोठा फरक ध्यानात येतो. तिथे प्रीमियर लीगमध्ये तळाला राहणारे तीन संघ दरवर्षी खालच्या श्रेणीत ढकलले जातात. मान जातो, पैसाही जातो. त्यामुळे शेवटचा नंबर म्हणजे प्रत्यक्ष मरण. अमेरिकेत असे काही नाही. शेवटचा आलेला संघ पुढल्या वर्षी तिथेच असतो. शिवाय १९६१ पासून दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय कराराचा पैसा सर्व संघांत सारखा वाटला जातो. पहिल्याला जेवढा, शेवटच्याला तेवढाच. आणि या सर्वांवर कळस म्हणजे शेवटच्याला बक्षीस मिळते!

त्या बक्षिसाचे नाव 'ड्राफ्ट'. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या होतकरू खेळाडूंची दरवर्षी निवड होते आणि निवडीचा पहिला मान सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला असतो. ही कल्पना बर्ट बेल नावाच्या गृहस्थाची. फिलाडेल्फियाच्या श्रीमंत घराण्यातल्या या माणसाने १९३३ मध्ये 'ईगल्स' हा संघ उभा केला आणि तो हरतच राहिला. चांगले खेळाडू शिकागो आणि न्यूयॉर्कच्या बड्या संघांकडे जात. १९३५ मध्ये एका नामांकित खेळाडूसाठी बेल याने बोली चढवत नेली, तरी तो अखेर ब्रुकलिनला गेला. तेव्हा बेल याने मालकांच्या सभेत मांडले की साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच पक्की असते. दुबळ्याला आधी निवडू द्या, म्हणजे सगळे तोलामोलाचे होतील आणि प्रेक्षकही टिकतील. नवल असे की शिकागोचे जॉर्ज हॅलास आणि न्यूयॉर्कचे टिम मारा या बलिष्ठ मालकांनीही ते मान्य केले. आपले हित थोडे बाजूला ठेवून सर्वांचे हित पाहण्याचे हे उदाहरण मी वर्गातही सांगितले आहे.

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिली निवड झाली. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले. पहिला मान शेवटच्या आलेल्या ईगल्सचाच, म्हणजे बेल यांचाच. त्यांनी शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर हा त्या वर्षीचा सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडला. पण गंमत अशी की पैशाचे जमले नाही म्हणून बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही! शेवटच्या नंबराचे पहिले बक्षीस असे हवेत विरले. पुढे येणाऱ्या अनेक गोष्टींची ती नांदीच म्हणायची.

*

दुबळ्याला हात देण्यासाठी केलेला नियम कालांतराने दुबळे होण्याचे आमिष ठरतो, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला नवी नाही. सवलत आली की सवलतीसाठी पात्र होण्याची धडपडही आलीच. पण ही धडपड मालकांच्या आधी प्रेक्षकांच्या मनात सुरू झाली, हे मला वाचताना फार विलक्षण वाटले.

१९६८ चा हंगाम. तोच फिलाडेल्फियाचा ईगल्स संघ. चौदा सामन्यांपैकी पहिले अकरा सामने ओळीने हरलेला. त्या वर्षी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ओ. जे. सिम्पसन हा धावपटू गडी गाजत होता. (पुढे १९९५ मध्ये खुनाच्या खटल्यातून सुटलेला तोच हा सिम्पसन.) फिलाडेल्फियाचे लोक म्हणू लागले की एवीतेवी वर्ष गेलेच आहे, तर उरलेले तीनही हरा, म्हणजे सिम्पसन तरी आपल्याला मिळेल. प्रशिक्षकाला घालवा, अशा मागणीचे बिल्ले छातीवर लावून ते मैदानात येत. आणि नेमका तेव्हाच संघ दोन सामने जिंकला! तिकडे बफेलोचा संघ एकच सामना जिंकून तळाला गेला आणि सिम्पसन बफेलोला मिळाला.

१५ डिसेंबर १९६८, हंगामाचा शेवटचा सामना. मैदानात बर्फ साचलेले. मध्यंतरात नाताळची गंमत म्हणून सांताक्लॉज फिरवायचा होता; ठरवलेला माणूस आलाच नाही, म्हणून प्रेक्षकांतलाच सांताचा पोशाख घालून आलेला एकोणीस वर्षांचा एक पोरगा पुढे केला. लोकांनी त्याच्यावर बर्फाच्या गोळ्यांचा वर्षाव केला. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक किती असंस्कृत, ते सांताक्लॉजलाही मारतात, हे आजतागायत अमेरिकेत चवीने सांगितले जाते. पण मला त्या गोळ्यांत निराळेच काही दिसते. ते गोळे सांताला नव्हते. वर्षभर हरून शेवटी नको तेव्हा जिंकणाऱ्या संघावरचा, आणि संघ जिंकल्याचे दुःख व्हावे अशी पाळी आणणाऱ्या व्यवस्थेवरचा तो राग होता. आपलीच माणसे जिंकली म्हणून जो हळहळतो त्याची भक्ती कुठेतरी पिळवटलेली असते.

योगायोग पाहा. ज्या फ्रँकलिन फील्डवर हे घडले, त्याच मैदानावर नऊ वर्षांपूर्वी, ११ ऑक्टोबर १९५९ रोजी, ईगल्सचाच सामना पाहत असताना बर्ट बेल यांना हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यू आला होता. आपल्या नियमाचे हे फळ पाहायला ते राहिले नाहीत.

*

आता भाच्याच्या क्लीव्हलंडकडे वळू. ईरी सरोवराच्या काठचे हे पोलादाचे, कारखान्यांचे शहर. कारखाने बंद पडत गेले; १९६९ मध्ये तिथल्या नदीवरच्या तेलकट घाणीने पेट घेतला; १९७८ मध्ये नगरपालिकेला कर्ज फेडता आले नाही. अशा शहराला मान वर करायला ब्राउन्स हा एक आधार होता. १९४६ मध्ये पॉल ब्राउन या प्रशिक्षकाच्या नावाने सुरू झालेला हा संघ १९५०, १९५४, १९५५ आणि १९६४ मध्ये एन.एफ.एल.चा अजिंक्य ठरला. त्यानंतर मात्र एकदाही नाही.

नोव्हेंबर १९९५ मध्ये मालक आर्ट मॉडेल यांनी संघच बाल्टिमोरला हलवत असल्याचे जाहीर केले. त्या डिसेंबरात घरच्या शेवटच्या सामन्यात लोकांनी बसायच्या खुर्च्या उपटून मैदानात फेकल्या. शहर कोर्टात गेले, आणि तडजोड अशी झाली की संघ, खेळाडू जातील; पण नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलंडचाच राहील. १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा झाला. इतिहास गावाकडेच राहतो असे कायद्याच्या कागदावर लिहून मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. पण नवा संघ हरतच राहिला.

जानेवारी २०१६ मध्ये मालक जिमी हॅस्लम यांनी कारभार साशी ब्राउन या वकिलाकडे दिला आणि आकडेशास्त्रासाठी बेसबॉलमधून पॉल डीपोडेस्टा यांना आणले. योजना साधी होती. आज हाताशी आहे ते विका आणि पुढल्या वर्षांचे निवडीचे हक्क गोळा करा. शेतकऱ्याने उभे पीक विकून बियाणे साठवावे तसे. २०१६ च्या निवडीतला दुसरा क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन बदल्यात अनेक हक्क घेतले. २०१७ च्या मार्चमध्ये तर ह्यूस्टनला नकोसा झालेला एक खेळाडू त्याच्या १ कोटी ६० लाख डॉलरच्या पगारासकट स्वतःकडे घेतला, तो खेळवण्यासाठी नव्हे, तर सोबत मिळणाऱ्या निवडीच्या हक्कासाठी. त्याला हंगामाआधीच सोडूनही दिले.

परिणाम काय? २०१६ मध्ये १६ पैकी १ विजय. २०१७ मध्ये शून्य. तो एकमेव विजय २४ डिसेंबर २०१६ चा. भाचा त्या दिवशी मैदानात होता. तो सांगतो, लोक नाचत होते, रडत होते. पण त्याच्या शेजारचा एक जण सारखा हिशेब करत होता की आता पहिला क्रमांक जातो की काय. (गेला नाही, त्या क्रमांकावर मायल्स गॅरेट हा उत्तम खेळाडू मिळाला.) "मामा, त्या माणसाचा राग आला नाही मला," भाचा म्हणाला, "मीसुद्धा मनात तेच करत होतो. त्याचंच वाईट वाटलं."

इथे एक भेद नीट केला पाहिजे. मैदानावरचा गडी मुद्दाम हरत नाही. त्याची नोकरी प्रत्येक सामन्यावर टांगलेली असते, आणि पुढल्या वर्षी जो नवा येणार तो बहुधा त्याच्याच जागी येणार असतो. हरण्याची योजना असते ती वरच्या मजल्यावर. खाली माणसे जिवाच्या आकांताने खेळत असतात. क्लीव्हलंडचा जो थॉमस घ्या. २००७ मध्ये आलेला हा गडी एकही डाव न चुकवता ओळीने १०,३६३ डाव खेळला. ऑक्टोबर २०१७ मध्ये दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच थांबला. २०२३ मध्ये त्याला या खेळाच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले. एवढ्या वर्षांत बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. 'पुढे चांगले दिवस येतील' या वाक्यातला 'पुढे' त्याच्यासाठी नव्हता.

*

आता जे लिहितो ते लिहावे की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. बेळगावात फुटबॉलचे वेड जुने. छावणी जवळ, गोवा शेजारी. आमच्या शाळेचा संघ माझ्याकडे होता. शालेय स्पर्धेत गटातले पहिले दोन सामने आम्ही जिंकलो आणि उपांत्य फेरी नक्की झाली. गटाचा शेवटचा सामना जिंकलो असतो तर पुढे गाठ एका अत्यंत बलाढ्य संघाशी होती. हरलो तर तुलनेने सोप्या संघाशी. मी आदल्या संध्याकाळी कर्णधाराला बाजूला घेऊन म्हणालो, "उद्या जरा हात राखून खेळा. खरा सामना परवा आहे." पोरे गुणी होती. मास्तरांनी सांगितले तसे वागली. दोन गोलांनी हरली.

सामना संपल्यावर वडगावचे एक विणकर माझ्याकडे आले. गोलरक्षकाचे वडील. दिवसाची मजुरी बुडवून, माग बंद ठेवून, पोराचा खेळ पाहायला पहिल्यांदाच आले होते. म्हणाले, "सर, पोरास्नी बरं नव्हतं काय आज?" मी म्हणालो, "उन्हाचा त्रास झाला असेल." ते म्हणाले, "असंल, असंल," आणि सायकल घेऊन गेले. परवाच्या सामन्याला ते आले नाहीत. रोज-रोज माग बंद ठेवणे त्यांना परवडणारे नव्हते. तो सामनाही आम्ही हरलो. सोपा म्हणून निवडलेला संघ तितकासा सोपा निघाला नाही.

भाच्याचे ते वाक्य मनातून का गेले नाही, ते आता वाचकांच्या ध्यानात येईल. माझा हिशेब चुकीचा नव्हता. नियमभंगही नव्हता. पण त्या माणसाने त्याचा एक दिवस माझ्यापुढे ठेवला होता आणि मी तो त्याला न विचारता परवासाठी खर्चून टाकला.

*

क्लीव्हलंडच्या योजनेचे पुढे काय झाले? डिसेंबर २०१७ मध्ये साशी ब्राउन यांना काढले. साठवलेले बियाणे पेरायला दुसरा आला. २०१८ च्या निवडीत बेकर मेफील्ड हा क्वार्टरबॅक पहिल्या क्रमांकावर मिळाला, आणि त्या नकोशा पगाराच्या बदल्यात आलेल्या हक्कातून निक चब हा उत्कृष्ट धावपटू. २० सप्टेंबर २०१८ रोजी संघ ६३५ दिवसांनी जिंकला. जानेवारी २०२१ मध्ये तर बाद फेरीत पिट्सबर्गला त्यांच्याच मैदानावर ४८-३७ असे हरवले. योजना फळली, असे लोक म्हणू लागले.

पण २०२२ मध्ये त्याच मालकांनी मेफील्डला दूर केले आणि ह्यूस्टनचा डेशॉन वॉटसन आणला. त्यासाठी पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि २३ कोटी डॉलरची हमी दिली. हा वॉटसन २०१७ मध्ये ह्यूस्टनने ज्या हक्कावर निवडला होता तो आधी क्लीव्हलंडकडेच होता. साठवणुकीच्या भरात त्यांनीच विकलेला! गैरवर्तनाच्या तक्रारींवरून त्याच्यावर ११ सामन्यांची बंदी आली, नंतर दुखापती झाल्या. २०२४ मध्ये संघ १७ पैकी ३ सामने जिंकला. उलट २०१६ मध्ये ज्यांनी हक्क देऊन खेळाडू घेतला ते फिलाडेल्फिया फेब्रुवारी २०१८ मध्ये अजिंक्य झाले; क्लीव्हलंडच्या त्या शून्याच्या मिरवणुकीनंतर महिन्याभरात.

२०२२ मध्ये हा विषय पुन्हा पेटला. मायामीच्या माजी प्रशिक्षकाने, ब्रायन फ्लोरेस यांनी, मालकाने २०१९ मध्ये प्रत्येक पराभवामागे एक लाख डॉलर देऊ केले होते असा आरोप केला. चौकशीत संघ मुद्दाम हरला नाही असा निर्वाह झाला. पण निवडीचा क्रमांक विजयापेक्षा महत्त्वाचा आहे अशा अर्थाचे मालक बोलले होते हेही नमूद झाले. क्लीव्हलंडच्या माजी प्रशिक्षकांनीही असेच सूचित केले होते. तेही चौकशीत सिद्ध झाले नाही. मुद्दाम हरणे सिद्ध करणे कठीणच. सिद्ध होतो तो फक्त गुणतक्ता.

गुणतक्त्यावरून आठवले. दरवर्षी जूनमध्ये मला कोणी ना कोणी हितचिंतक सुचवतात, "सर, नववीतच कच्ची पोरं अडवा. दहावीचा निकाल शंभर टक्के लागेल. एक-दोन वर्षं ओरड होईल, मग शाळेचं नाव होईल." सल्ला व्यवहाराचा असतो. पण अडवलेल्या पोराचे ते वर्ष त्याला परत कोण देणार? शाळेला पुढली तुकडी मिळते. पोराला दुसरी नववी मिळते, दुसरे पंधरावे वर्ष मिळत नाही. संस्थेला भविष्यकाळ असतो म्हणून ती थांबू शकते. माणसाजवळ बहुधा आजचा दिवसच असतो, आणि तोही मजुरी बुडवून काढलेला.

भाच्याला मी मध्यंतरी विचारले, "अजून जातोस का रे मॅचला?" तो म्हणाला, "जातो की मामा. नाव, रंग, इतिहास आमचाच आहे. तो कोण विकणार?"

त्या विणकरांना भेटून खरे काय ते सांगावे असे अनेकदा मनात आले. काही वर्षांपूर्वी वडगावात चौकशी केली तेव्हा कळले, ते आता नाहीत. त्यांच्या मुलाचे दुकान आहे. मी गेलो, बसलो, चहा घेतला. त्या सामन्याचा विषय निघाला तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, बाबा शेवटपर्यंत सांगायचे, त्या दिवशी ऊन लई होतं म्हणून."